दर सोमवारी, बाह्या वर करून

इब्राहिम गेल्याचा निरोप आला तेव्हा मी सहावीच्या वर्गावर होतो. शिपाई दारात येऊन म्हणाला, "सर, दवाखान्यातनं फोन आलाय. शिकलगार म्हणून कोण पावणं होतं, ते गेलं म्हणत्यात." मी मुलांना धडा वाचायला सांगितला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो. असा निरोप आला की माणूस मनात नावं काढतो, आता कुणाकुणाला कळवायचं म्हणून. मला त्याच्या मुलीचं, मिरजेच्या नसीमचं, एवढं एकच नाव आठवलं. त्यापुढं कुणी सुचेना... दफनाला आम्ही मोजकी माणसं होतो. लगीनसराई चालू होती, त्यामुळं त्याच्या जुन्या बँडमधलं कुणी आलं नाही. याला आता दीड-दोन महिने होतील. गेलेल्या माणसाबद्दल चार घरांत बोलणं होतं, तसं इबूबद्दल कुठंच झालं नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

आम्ही शनिवार पेठेत एकाच गल्लीत वाढलो. त्याचे वडील दारोदार फिरून सुऱ्या-कात्र्यांना धार लावून द्यायचे. इबूला मात्र लहानपणापासून क्लॅरोनेटचं वेड. मिसरूड फुटायच्या वयात तो एका बँडमध्ये पुढं उभा राहून वाजवायला लागला. लाल कोट, खांद्यावर पिवळे गोंडे, आणि अंगानं इतका किरकोळ की कोटात माणूस शोधावा लागे. पण त्यानं सूर धरला की वरातीत नाचणारी पोरंसुद्धा थांबून ऐकत. त्याची एक सवय मला फार आवडायची. वरात चाललेली असताना एखाद्या घराच्या दारात दुखवट्याची माणसं बसलेली दिसली, की तो क्लॅरोनेट ओठांवरून खाली घ्यायचा. त्याला बघून मागचे ढोल थांबायचे आणि सगळी वरात त्या घरावरून मुकाट्यानं पुढं जायची. नवऱ्याकडचा एखादा अंगावर यायचा, "थांबलास का रं?" इबू म्हणायचा, "फुडच्या चौकात दुप्पट वाजवतो की." आणि खरंच वाजवायचा.

चंदगडकडचं एक लग्न उरकून बँडचा ट्रक परत येत होता. वळवानं रस्ता निसरडा झालेला. ट्रक उलटला. बाकीच्यांना खरचटण्यावर निभावलं, इबूचा मात्र खुबा मोडला. कळा थांबाव्यात म्हणून दवाखान्यात त्याला पेथिडिनची, म्हणजे अफूच्या जातीच्या औषधाची, इंजेक्शनं देत. हाड जुळलं, पण वाकडं. घरी आल्यावरही कळ जाईना, तेव्हा एका खाजगी दवाखान्यातला कंपाउंडर त्याला चोरून सुई टोचून द्यायला लागला. वर्षभरात दुखणं कुठलं आणि सुईची ओढ कुठली, हे त्याचं त्याला कळेनासं झालं. मला एकदा म्हणाला, "मास्तर, दुखतंय कुठं ते आता सापडंना. पन सुई न्हाय लागली की समदं अंगच दुखतंय." बँड सुटला. घरातली भांडी गेली. त्याची बायको रशिदा सोसणारी बाई होती, पण पोरीच्या कानातले डूल गेले त्या दिवशी ती नसीमला घेऊन मिरजेला भावाकडं गेली, ती परत आली नाही. नसीम तेव्हा पहिलीत होती.

पुढं तो कंपाउंडर नोकरी सोडून निघून गेला, आणि इबूनं राजारामपुरीतल्या एका दवाखान्याचं कुलूप तोडलं. सकाळी डॉक्टर आले तर हा पेशंटच्या बाकावर बसलेला, समोर फोडलेलं औषधांचं कपाट. पळून का गेला नाहीस, असं पोलिसांनी विचारलं. "जायाचं कुठं?" एवढंच तो म्हणाला. कोर्टात त्यानं गुन्हा कबूल केला. न्यायाधीश वयस्कर होते, सावकाश बोलायचे. ते म्हणाले, हा माणूस आजारी आहे, तुरुंगातून सुटला की पुन्हा कपाटच फोडेल. त्यांनी शिक्षा न देता त्याला दोन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. आधी सरकारी दवाखान्यात राहून व्यसनावर उपचार घ्यायचे. मग दर सोमवारी तिथंच हजर होऊन हात दाखवायचे, लघवी तपासायला द्यायची. परवानगीशिवाय शहर सोडायचं नाही. चुकला तर तुरुंग. देखरेखीला एक प्रोबेशन अधिकारी नेमले, जामीन मी राहिलो. कोर्टाच्या पायऱ्या उतरताना इबूनं मला विचारलं, "म्हंजे सोडलं का धरलं?"

दवाखान्यातले पहिले दिवस आठवले की अजून नको वाटतं. घामानं अंथरूण भिजायचं, पोटात काही ठरत नव्हतं, हातपाय एका जागी राहत नव्हते. मी गेलो की माझा हात धरून म्हणायचा, "एकच आणून दे, मास्तर. शेवटची." मी पाण्याचं भांडं त्याच्यापुढं धरायचो. मग तो भिंतीकडं तोंड करून झोपायचा आणि मी निघालो तरी वळून बघायचा नाही. हळूहळू ते दिवस सरले. तो घरी आला, आणि सोमवार सुरू झाले.

थोरात सिस्टर म्हणून एक भारदस्त बाई दवाखान्यात तपासणीला होत्या. त्या चष्म्यातून एकेक दंड, कोपर, मनगट बघायच्या, पायाचे घोटेसुद्धा. नंतर हातात बाटली. मोरीचं दार उघडं ठेवायचं आणि बाहेर वॉर्डबॉय उभा, कारण दुसऱ्याची बाटली कुणी देऊ नये. पहिल्या सोमवारी इबू तिथून थेट माझ्याकडं आला. "लोकांच्या लग्नात फुडं उभा ऱ्हाणारा मानूस मी," तो म्हणाला, "आता मुतायलाबी साक्षीदार लागतोय." त्यानंतर या विषयावर तो कधी तक्रारीनं बोलला नाही. बँडवाल्यांनी त्याला परत घेतलं नाही. बाहेरगावच्या सुपाऱ्यांना येऊ न शकणारा माणूस त्यांना परवडणारा नव्हता, आणि त्याच्या बोटांना कापरंही सुटलं होतं. त्यानं वडिलांचं धार लावायचं चाक माळ्यावरून काढलं. लंगडत लंगडत पेठा फिरायचा. बायका सुऱ्या उंबऱ्यावर ठेवून आत जायच्या आणि धार लावून झाल्यावरच बाहेर यायच्या. चोर म्हणून त्याचं नाव झालं होतं ना...

दुसऱ्या वर्षी एक वाईट प्रसंग आला. तपासणीत दोष निघाला. प्रोबेशनच्या साहेबांनी आम्हा दोघांना दवाखान्यात बोलावून घेतलं. साहेब स्वभावानं बरे होते, पण कागदापुढं त्यांचाही इलाज नव्हता. इबू म्हणाला, "साहेब, हात बगा. कुठं भोक हाय?" साहेब म्हणाले, "हातावर नाही, पण लघवीत सापडलंय, शिकलगार." तेवढ्यात इबूला खोकल्याची उबळ आली. थोरात सिस्टर तिथंच होत्या. त्यांनी विचारलं, "खोकल्यावर काय घेताय?" त्यानं औषधाच्या दुकानातून आणलेली बाटली दाखवली. त्या औषधातच अफूच्या जातीचा अंश होता. ते बंद करून पुन्हा तपासणी झाली, ती स्वच्छ निघाली, आणि प्रकरण मिटलं. पण इबूनं त्या दिवसापासून कसलंही औषध घ्यायचं सोडलं. तापानं फणफणला तरी गोळी घ्यायचा नाही.

मुदत संपली. न्यायाधीशांनी त्याला मोकळं केलं, चांगलं वागलात म्हणाले. आम्ही बिंदू चौकात चहा प्यायलो. मला वाटलं होतं, गडी आज खुशीत असेल. तो बशीत चहा ओतून तसाच बसला होता. मग म्हणाला, "आता सोमवारी काय करायचं?" पुढच्या सोमवारी तो दवाखान्यात जाऊन आला. त्याच्या पुढच्याही. सिस्टर म्हणाल्या, "अहो, तुमचं संपलं की." हा म्हणाला, "असू द्या, बगा." त्याही बाईनं कधी त्याला हटकलं नाही. इतरांची मलमपट्टी करता करता त्याच्या हातांवर नजर टाकायच्या आणि मान डोलवायच्या. मी एकदा विचारलं, कशाला जातोस? तर म्हणाला, "मी बरा हाय का वंगाळ, हे बगायला तिथं एक मानूस हाय. दुसरीकडं कुठं हाय सांग." मी आहे की, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी त्याचा मित्र होतो, मी त्याचे हात कधी तपासले नसते, आणि त्याला ते तपासून हवे होते. सिस्टर बदलून गेल्यावर नव्या बाईंना काही ठाऊक नव्हतं. तरी तो जायचा, बाकावर बसायचा, आणि घरी यायचा.

गेल्या वर्षी त्याला पोटाचा कॅन्सर निघाला. शेवटी शेवटी कळा इतक्या वाढल्या की शेजारच्या खाटेवरचे लोक उठून बाहेर जायचे. डॉक्टर सुई द्यायला तयार होते, इबू हात पांघरुणाखाली घट्ट धरून बसायचा. मी म्हणालो, "इबू, कोर्टाचं कधीच संपलंय." तो म्हणाला, "कोर्टाचं संपलंय रं..." कुणाचं संपलं नव्हतं, ते मला उमगलं. दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकून मी मिरजेला गेलो.

नसीम आता लग्न झालेली, कडेवर मूल असलेली बाई. रशिदा वारल्यापासून बापलेकीचा उरलासुरला निरोपही थांबला होता. तिनं माझं सगळं उभ्यानं ऐकून घेतलं. येते म्हणाली नाही, पण दोन दिवसांनी खाटेपाशी येऊन उभी राहिली. इबूनं तिला ओळखलं. कण्हत कण्हत उठून बसला आणि दोन्ही बाह्या वर करून हात तिच्यापुढं धरले. "देख," तो म्हणाला. नसीमनं मूल माझ्याकडं दिलं. एकेक हात उजेडाकडं वळवून तिनं खरोखरच नीट बघितला, कोपरापासून मनगटापर्यंत. मग ती म्हणाली, "देखी, अब्बा. साफ हैं. अब सुई लेव." त्यानं हात पुढं केला. नसीम त्याला झोप लागेपर्यंत बसली आणि संध्याकाळच्या एस्टीनं परत गेली. पुढच्या आठवड्यात एका सकाळी तो गेला, तेव्हा जवळ कुणी नव्हतं.

दफनानंतर नसीम आणि मी त्याची खोली आवरायला गेलो. आवरण्यासारखं काही नव्हतंच. खुंटीवर त्याचे सदरे होते. एक घडी करताना ती थांबली. दोन्ही मनगटांवरची बटणं नव्हती. दुसरा बघितला, तिसरा बघितला, तसंच. नव्या सदऱ्याचीही बटणं दोरा कापून काढलेली. "ही कुठं गेली, काका?" तिनं विचारलं. मी सांगितलं की त्याची बोटं थरथरायची. सोमवारी मागं रांग असायची, बटणं काढायला वेळ लागायचा, म्हणून तो आधीच काढून ठेवत असे. एक सदरा तिनं पिशवीत ठेवला. बाकीचे अजून तिथं खुंटीवर आहेत. खोलीची किल्ली माझ्याकडं आहे. घरमालक दोनदा मागून गेले... देतो म्हणालोय.