रिकाम्यावर टेकलेला काटा

ती केस आठवली की आधी मला माझीच लाज वाटते. गुन्हा म्हणून ती कधी नोंदलीही गेली नाही, पण ती काही केल्या विसरत नाही.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी अकोल्याला फौजदार होतो. गावात एक वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या जुन्या मोटारीतून बाळंतपणं करायला त्या पार पातूर-बार्शीटाकळीपर्यंत जायच्या. ड्रायव्हर वीस वर्षांपासूनचा, बाई त्याला राखी बांधायच्या. एका सकाळी त्या ठाण्यात आल्या आणि म्हणाल्या, "तो टाकी भरून आणतो आणि पेट्रोलचा काटा रिकाम्यावरच असतो. काटा बिघडला म्हणतो. इतकी वर्षं बिघडला नाही, आताच कसा बिघडला? मला फक्त खरं काय ते कळू द्या." बोलताना त्यांचे डोळे भरले होते.

त्यातच आमच्या खबऱ्यानं सांगितलं, की पातूरच्या घाटात हा ड्रायव्हर डबा घेऊन उभा असतो. झालं! आमच्या दृष्टीनं पेट्रोल कुठं जातं ते ठरलं. स्टेशन डायरीत नोंद केली आणि त्याला बोलावून घेतलं.

"पेट्रोल कोणाला विकतोस?" हा माझा पहिला प्रश्न.

त्यानं वर पाहिलं. "बाईनं पाठवलं तुमाले?"

"हो."

मग गडी बोलेचना. मी दरडावलं, चहा पाजला, पुन्हा दरडावलं. दुपारी एकदाच म्हणाला, "वीस वर्सं माह्या भरोशावर रानावनात फिरल्या बाई. आता पोलिसाकून इचारून राहिल्या. मंग मी सांगून काय फायदा?" मुरलेले चोर असंच बोलतात, असं मी तेव्हा मनाशी म्हणालो. काय अक्कल होती माझी!

व्हरांड्यात एक सुतार ठाण्याच्या खुर्च्यांना पॉलिश करत होता. स्पिरिटचा बोळा फिरवला की जुनी लाख भराभर निघून येत होती. ड्रायव्हर बाकावर बसून ते बघत होता. एकाएकी उठला.

"काहो मिस्तरी, स्पिरिटनं लाख सुटते?"

"सुटते म्हंजे? पार धुऊन जाते."

तो माझ्याकडे वळला. सकाळपासून मेलेला चेहरा असा उजळला, की मी चक्रावलोच. "साहेब, टाकीत काटा हालवणारं बूच असते ना, त्याच्यावर लाखच असते! अन् पंपावर महिनाभरापासून स्पिरिट मिसळेल पेट्रोल येऊन राहिलं!" स्वतःच्या बचावासाठी तोंड न उघडणारा माणूस मोटारीसाठी घडाघडा बोलत होता.

बाईंना बोलावलं, दोन पंच घेतले. ड्रायव्हरनंच टाकीवरची, काट्याचं बूच लावलेली तबकडी खोलली. टाकी पाऊण भरलेली. लाख उडालेलं बूच पेट्रोल पिऊन फुगलं होतं आणि तळाशी जाऊन बसलं होतं. मी घाटातल्या डब्याचं विचारलं.

"पानी असते, साहेब. चढावर इंजन तापते."

त्या डब्याचा वास घ्यायचं कोणाला सुचलं नव्हतं. टाकी उघडायचं सोडून मी माणूस उघडायला बसलो होतो.

बाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "चुकले रे, भाऊ."

"काट्याचं जाऊ द्या, तो मशीन हाय," तो म्हणाला. "तुमी मलेच काहून नाही इचारलं?"

बाईंनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. मी आणि शिपाईसुद्धा दुसरीकडे बघत होतो.

बाईंनी नवं बूच बसवू दिलं नाही. निघताना त्या "आहे ना रे पेट्रोल?" एवढंच विचारायच्या, तो "हाय" म्हणायचा आणि गाडी निघायची. त्यानंतर समोरच्याला "कोणाला विकलंस?" असं मी कधी विचारलं नाही. "काय झालं?" एवढंच विचारायचो.

वर्षभरानं पातूरला एका चौकशीसाठी मी त्याच मोटारीतून गेलो. घाट लागला आणि माझी मान आपोआप काट्याकडे वळली. रिकामा! पाच मिनिटांनी मी पुन्हा बघितलं.

ड्रायव्हर हसला. "साहेब, तुमीपण?"