वाचून दाखवलेला जबाब

कारखान्यात अपघात झाला की पहिला निरोप डॉक्टरकडे जाई आणि दुसरा सहदेव सोनावळे यांच्याकडे. डॉक्टर जखम पाहत. सोनावळे तिचे कारण लिहीत. पाताळगंगेच्या काठावरच्या त्या रसायनांच्या कारखान्यात ते १९६३ साली टंकलेखक म्हणून लागले. अपघातांचे अहवाल मुंबईच्या मुख्य कचेरीत इंग्रजीतून जात. कामगार बोलत ते खालापूरच्या भाताच्या खाचरांतली बोली. या दोहोंच्या मधली जागा सोनावळ्यांची होती, आणि ती भरून काढील असा दुसरा माणूस कारखान्यात नव्हता.

त्यांच्या घरातले ते पहिले मॅट्रिक. बौद्धवाडीतल्या कुडाच्या घरात ते इंग्रजी शिकले ते पाठ्यपुस्तकावर. कारखान्यात आल्यावर मात्र त्यांचा खरा गुरू ठरला तो जुन्या अहवालांचा गठ्ठा. त्यातून त्यांनी एका वहीत वाक्यांच्या सुरुवाती उतरवून घेतल्या होत्या. 'इट हॅज बीन ऑब्झर्व्ड दॅट', 'इट इज अंडरस्टुड दॅट', 'इट इज बिलीव्ड दॅट'. निरीक्षणात आले आहे की, समजले जाते की, मानले जाते की. या सुरुवातींची घडण लक्षात घेण्याजोगी आहे. पाहणारा, समजणारा, मानणारा माणूस वाक्याबाहेरच थांबतो. स्पष्टीकरण तेवढे आत येऊन बसते. मराठीलाही ही रचना परकी नाही. पण वाडीवर कुणी 'असं म्हनतात' म्हटले की समोरून लगेच प्रश्न येतो, 'कोन म्हनतं रं?' इंग्रजी अहवालाला असा प्रश्न विचारण्याची रीत नव्हती.

सोनावळ्यांना ही रचना का जवळची वाटली, हे समजण्यासाठी १९६४ मधला एक प्रसंग पुरेसा आहे. एका झडपेतून गळती होत होती. त्यांनी टिपणात सरळ लिहिले की झडपेची आतली रबरी गादी झिजली आहे असे मला वाटते. कचेरीतल्या अधिकाऱ्याने कागद बोटांच्या चिमटीत धरून सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले, "तुम्हाला काय वाटतं, हे विचारलं कुणी, सोनावळे?" शेजारचे कारकून हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच टिपण 'इट इज फेल्ट दॅट' अशी सुरुवात देऊन पुन्हा ठेवले. त्यावर सही झाली, गादी बदलली गेली, आणि साहेबांनी भाषेची तारीफ केली. ज्याच्या 'मला'ला किंमत नव्हती, त्याच्या म्हणण्याला 'मला' गाळल्याबरोबर किंमत आली. हे एकदा अनुभवलेला माणूस त्या सुरुवातींना नुसती भाषेची सोय समजेल, हे संभवत नाही. त्या त्यांचे छत्र होत्या.

पुढे त्यांचा हात इतका बसला की शेजारचे कारकून रामभाऊ चेष्टेने म्हणत, "काय सोनावळे, इंग्रजीत मेलेल्याला कमी दुखतं का हो?"

"दुखत नाही. दुखले असल्याचे समजते," सोनावळे उत्तर देत, आणि दोघे हसत.

एक नियम होता. इंग्रजीत उतरवलेला जबाब तो देणाऱ्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा आणि मगच अंगठा घ्यायचा. हा नियम सोनावळे आपल्या पद्धतीने पाळत. कागद समोर धरत, नजर ओळींवरून फिरवत. पण तोंडाने म्हणत ते त्या माणसाने अर्ध्या तासापूर्वी जसे सांगितले होते तसे, त्याच्याच शब्दांत, त्याच्याच शिव्या तेवढ्या गाळून. त्यांची स्मरणशक्ती विलक्षण होती. कामगारांना आपले बोलणे कागदातून परत ऐकू येई आणि ते खूश होत. 'सोनावळेभाऊ एक शबूद इकडचा तिकडं करीत नाय,' अशी त्यांची ख्याती होती. यात फसवण्याचा हेतू नव्हता. इंग्रजी वाक्य मराठीत परत आणले तर ते ऐकणाऱ्याला अनोळखी वाटेल आणि तो अंगठ्याला कचरेल, एवढाच त्यांचा हिशेब होता. दहा वर्षे ही पद्धत कुणाला बाधली नाही. बोट कापल्याच्या, पाय भाजल्याच्या जबाबांत काय गाळले गेले हे कुणी शोधत नाही.

१९७३ च्या एप्रिलात नामा टाकी साफ करायला उतरला आणि जिवंत वर आला नाही. टाकीत वायू साचला होता. नामा जवळच्याच एका वाडीवरचा कुणबी, चाळिशीचा. वर दोर धरून उभा होता तो काळूराम, त्याचा सोबती. जबाब त्याचाच.

"कर्निकसाहेब आलं. म्हनलं, उतर. नामा म्हनला, साहेब, वास मारतोय. तर साहेब म्हनलं, वास टाकीला नाय, तुझ्या तोंडाला येतोय. समदी हसली. नामाला लाज वाटली आन् उतरला. पिला नव्हता भाऊ तो. त्या दिशी त्यानं थेंब घेतला नव्हता. लिवा."

सोनावळ्यांनी लिहिले. कर्णिक हे पाळीचे प्रमुख. त्यांनी कसलीही दमदाटी केली नाही. दारातून जाताना ते इतकेच म्हणाले, "नेहमीसारखं करा." आणि सोनावळ्यांनी नेहमीसारखे केले. टाकी साफ केली जावी असे ठरले होते असे समजते. मृताकडून पुरेशी काळजी घेतली गेली नसावी असे मानले जाते. त्याच्या प्रकृतीविषयी साशंकता व्यक्त करण्यात आली होती. साहेबाने मारलेला टोमणा त्या तिसऱ्या वाक्यात गेला आणि तिथे तो नामाविरुद्धचा पुरावा झाला. सोनावळ्यांनी पुढे कबूल केले की ते वाक्य टंकताना आपले बोट क्षणभर थांबले होते. पण वहीतली पुढची सुरुवात हाताशी होती.

मग त्यांनी जबाब वाचून दाखवला. कर्निकसाहेब आलं, म्हनलं उतर.

"आलं का साहेबाचं नाव?" काळूरामने विचारले.

"ऐकलंस ना आत्ता," सोनावळे म्हणाले. काळूरामने अंगठा उमटवला.

चौकशी महिनाभरात संपली. निष्कर्षाची आणि जबाबाची प्रत नामाच्या बायकोकडे, येसूबाईकडे, पोस्टाने आली. तिला काय हवे होते, हे साऱ्या वाडीला ठाऊक होते. नामा पिऊन उतरला अशी वदंता कारखान्यातून वाडीवर पोचली होती. सासरे ती खरी मानत, आणि धाकट्या मुलीचे, आवडीचे, जमत आलेले लग्न मुलाकडच्यांनी तेवढ्यावर अडवले होते. येसूबाईला ते खोडायचे होते. काळूराम तिला सांगून गेला होता की साहेबाचे नाव कागदात आहे, मी कानांनी ऐकलेय.

ती बौद्धवाडीत कधी आली नव्हती. त्या दिवशी आली, ओटीच्या कडेवर बसली, आणि सोनावळ्यांच्या पत्नी अंबूबाईंनी पुढे केलेले पाणी प्यायली. मग पदराखालून कागद काढला.

"वाचा भाऊ. जबाबाचं वाचा."

सोनावळ्यांनी कागद धरला. सवयीने नजर ओळींवरून फिरू लागली आणि तोंडातून काळूरामचे शब्द येऊ लागले. वास टाकीला नाय, तुझ्या तोंडाला येतोय. त्या दिशी त्यानं थेंब घेतला नव्हता. येसूबाई रडली नाही. तिने मान हलवली, जणू हरवलेली वस्तू जागेवर सापडली.

"आता बोट ठेवा," ती म्हणाली.

"कशावर?"

"साहेबाच्या नावावर. मी तिथं कुंकवाची खून करीन. सासरा वाचीत नाय, पर मास्तर वाचतील. मास्तरांना मी म्हनन, हितं वाचा."

सोनावळ्यांचे बोट कागदावर गेले आणि फिरत राहिले. कर्णिकांचे नाव त्या पानावर कुठेच नव्हते.

"नाय ते," ते शेवटी म्हणाले.

"नाय? मंग वाचता कुठून?"

त्यांनी सांगितले. सगळे सांगितले, कागदात खरोखर काय लिहिले आहे तेही, वाक्य वाक्य मराठीत आणून. प्रकृतीविषयी साशंकता व्यक्त करण्यात आली होती, येथे तिने त्यांना थांबवले.

"कोनी केली? साशंकता?"

"साहेबांनी."

"आन् लिवलं कोनी?"

"मी."

"म्हंजे पिलेला तू केलास त्याला," येसूबाई म्हणाली. अंबूबाई काही बोलायला पुढे झाल्या, पण तिने हाताने त्यांना थोपवले. "तुमाला नाय म्हनत बाई मी." कागदाची घडी केली आणि गेली.

सोनावळ्यांनी काळूरामला गाठले. नवा जबाब दे, मी शब्दाला शब्द घालतो, म्हणाले. काळूरामला त्याच महिन्यात कायम केले होते. "येकदा अंगठा दिला भाऊ. आता दुसरा कुठनं आनू?" तो म्हणाला. मग सोनावळ्यांनी मुख्य कचेरीला स्वतःच्या नावाने पत्र लिहिले. आयुष्यातले ते त्यांचे पहिले इंग्रजी पत्र, ज्यात प्रत्येक क्रियेला कर्ता होता: कर्णिकांनी आज्ञा दिली, काळूरामने सांगितले, मी गाळले. अडीच महिन्यांनी तीन ओळींचे उत्तर आले. पत्राची नोंद घेण्यात आली आहे. या टप्प्यावर फेरविचाराची आवश्यकता नसल्याचे मानले जाते. खाली सही होती, ती वाचता येत नव्हती.

ते उत्तर घेऊन सोनावळे वाडीवर गेले. येसूबाई बांधावर आवणाच्या, भाताच्या रोपांच्या, मुठी बांधत होती. आवडीचे लग्न तोवर मोडले होते.

"नाव हाय का त्यात?" तिने मान वर न करता विचारले.

"नाही."

"मंग वाचू नका."

सोनावळे आणखी अकरा वर्षे त्याच टेबलापाशी होते. अहवाल तेच लिहीत आणि तसेच लिहीत. दुसऱ्या प्रकारचे अहवाल तिथे स्वीकारले जात नव्हते. वाचून दाखवणे मात्र त्यांनी बंद केले. जबाब टंकून झाला की कागद आणि शाईची डबी ते मुकाट्याने पुढे सरकवत. कुणी विचारलेच, की भाऊ, काय लिवलंय, तर ते म्हणत, "मला विचारू नको. दुसऱ्याकडून वाचून घे, मग अंगठा दे." त्यांना बसून वाचून दाखवील असा दुसरा कारखान्यात नव्हता. माणसे थोडा वेळ घुटमळत आणि अंगठा देत. बाहेर पडल्यावर एकमेकांत म्हणत की सोनावळेभाऊ पूर्वीचे राहिले नाहीत; चार अक्षरे वाचून दाखवायचीसुद्धा आता त्यांना जड होतात.