सुतारकाम शिकलेला झार

बाबा दुबईत सोनापूरच्या लेबर कॅम्पात राहून शटरिंगची सुतारकी करायचे आणि आम्ही राजापूरकडे पेजेवर दिवस काढायचो. दोन वर्षांतून एकदा ते घरी यायचे. घरातली पहिली पदवी माझी, हे मी आजही ताठ मानेने सांगते.

पुढे मीही दुबईत आले आणि एका शाळेत लायब्ररी असिस्टंट झाले. तिथेच इतिहासाच्या शिक्षिकेची जागा निघाली. डेमो लेसनचा विषय होता रशियाचे झार. अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये माझ्यासोबत राहणाऱ्या ताईनेही अर्ज केला होता. ती पुण्याची, बँक मॅनेजरची मुलगी. माझा तिच्यावर सख्ख्या बहिणीसारखा विश्वास. भाकऱ्या थापता थापता मी तिला अख्खा धडा म्हणून दाखवला: नाव लपवून परदेशी गोदीत सुतारकाम शिकलेला झार, आणि शेवटी, "माझे बाबाही सुतारच."

डेमोला तिचा नंबर आधी होता. मी मागच्या बाकावर बसले होते. तिने तोच झार, तीच गोदी घेतली आणि भरल्या आवाजात म्हणाली, "माय फादर इज ऑल्सो अ कार्पेंटर." मुलांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "ताई, तुझे बाबा सुतार कधी झाले गं?"

"अगं, डेमोत चालतं तेवढं. खलास, सोड ना आता!"

माझा नंबर आला तेव्हा तो झार सोडून मी ऐनवेळी नवऱ्याला गादीवरून खेचणारी रशियाची सम्राज्ञी शिकवली, पण तयारी नसल्याने मध्येच अडखळले. जागा तिलाच मिळाली.

मी तो फ्लॅट सोडला, बी.एड. केलं. आज दुसऱ्या शाळेत मी इतिहास शिकवते.