एका माणसाला पंखा

"गो, तुझी इस्त्री चालू हाय ना?"

रोह्याला बिऱ्हाड करून आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता आणि शेजारच्या बेबीकाकू माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. दार उघडून बघते तर बाई ओटीवर स्टुलावर उभ्या, मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलेलं आणि नजर वर मीटरवर. दोन्ही घरांचे मीटर एकाच फळीवर होते. माझ्या मीटरची चकती गरागरा फिरत होती, ती त्यांना बघवत नव्हती.

काकूंचं माहेर पेणचं, वडिलांचा गणपतींचा कारखाना. पावसाळ्यात मूर्ती लवकर वाळत नाहीत म्हणून त्यांच्याभोवती मोठे बल्ब लावून ठेवावे लागत, आणि मग बिल आलं की घरात कोणी कोणाशी धड बोलत नसे. तेव्हा वडिलांनी या पोरीला मीटरसमोर बसवलं. घरातलं सगळं बंद करायचं, एकच वस्तू चालू ठेवायची आणि चकतीवरची तांबडी खूण किती वेळात किती वेळा समोरून जाते ते बघायचं. किती फेऱ्यांचं एक युनिट, हे मीटरवरच छापलेलं असतं. बाकीचा हिशेब तोंडी. इतर मुली सासरी भांडीकुंडी घेऊन येतात, काकू ही विद्या घेऊन रोह्याला आल्या.

रुपये-पैशांत मात्र त्या कधी बोलत नसत. "तुझी इस्त्री म्हणजे कोथिंबिरीची जुडी." "गिझरची आंघोळ म्हणजे एक अंडं. उकडून खाल्लंस तर अंगाला तरी लागंल." टेबलफॅन रात्रभर लावला तर अर्धा कप चहा. आम्ही टीव्ही घेतला तेव्हा त्या पेढा घ्यायला आल्या आणि पेढा तोंडात टाकून आधी ओटीवर गेल्या. मला हसू यायचं, कधीकधी रागही यायचा. पण माझी इस्त्री तेव्हापासून आठवड्यातून एकदाच, सगळे कपडे साठवून होऊ लागली.

त्यांच्या घरात एक नियम होता. एका माणसाला पंखा नाय. दोघं असतील तर पंखा. एकटा असेल त्याने ओटीवर येऊन वारा खायचा. त्यांचे यजमान दत्ताकाका कंपनीतून रिटायर झालेले, स्वभावाने गरीब. काकू स्वयंपाकघरात गेल्या की काका उठून बटण बंद करत आणि पेपर घेऊन ओटीवर येऊन बसत. "ती उठली की माझा हात आपोआप बटणाकडं जातो," असं ते हसत सांगायचे.

पुढे काकांना दम लागायला लागला. पेणच्या डॉक्टरांनी औषधं दिली आणि सांगितलं, तोंडावर सारखा वारा राहू द्या, जीव घाबरा होणार नाही. काकूंनी त्याच दिवशी टेबलफॅन खाटेशी आणून ठेवला. "आता मोजायचं नाय गो," त्या मला म्हणाल्या, आणि खरोखरच त्यांनी मोजलं नाही. पण काकांचा हात काही ऐकेना. काकू पाणी आणायला उठल्या की पंखा बंद.

"अहो, चालू ठेवा ना."

"मी एकटाच तर हाय," काका म्हणत.

ओरडून झालं, विनवून झालं. शेवटी काकूंनी पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी लावली.

एका दुपारी त्या मासे आणायला बाजारात गेल्या. परतल्यावर त्यांनी मला हाक मारली, अगदी नेहमीच्या आवाजात. काका खाटेवर कुशीवर होते, हात पंख्याकडे. पंखा बंद होता. चिकटपट्टी सोलून खाटेच्या कडेला नीट लावून ठेवलेली होती, परत कामाला यावी म्हणून. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, पंखा असता तरी काही फरक पडला नसता. काकूंनी मान हलवली. त्या रडल्या नाहीत. मलाही रडू आलं नाही; कानात कापूस घातल्यासारखं सगळं लांबून ऐकू येत होतं. मी मासे आमच्या फ्रिजमध्ये ठेवले. ते पुढे कोणी खाल्ले नाहीत.

दिवस झाले, कोलाडचे दीर आणि पेणचे भाऊ आपापल्या घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीवर स्टूल ओढल्याचा आवाज आला. मी बाहेर आले. काकू वर उभ्या होत्या, घड्याळ हातात. त्यांच्या घरात सगळं बंद होतं, फक्त आतल्या खोलीतून टेबलफॅनची घरघर येत होती. दारातून रिकामी खाट दिसत होती. पंख्याच्या वाऱ्याने तिच्यावरच्या चादरीचं टोक हलत होतं.

मी स्टूल धरून उभी राहिले. तांबडी खूण पुन्हा पुन्हा समोरून गेली.

"तेवढंच येतं," काकू म्हणाल्या. "अर्धा कप चहा."

त्यांची नजर अजून चकतीवरच होती.

"चहाला मी त्यांना कधी नाय म्हटलं नव्हतं गो."

मग त्या माझ्या खांद्याला धरून खाली उतरल्या, घड्याळ मनगटावर बांधलं आणि आत गेल्या. पंखा त्यांनी बंद केला नाही.