तलासरीतला रोमन किल्ला

आमच्याकडे लग्नाच्या बोलणीत एक प्रश्न ठरलेला: "पोरगा कायम हाय का?" मी नव्हतो. तलासरीच्या एका शाळेत तासिका तत्त्वावर इतिहास शिकवत होतो. म्हणजे तास घेतला तर मास्तर, नाही तर पाहुणा. रानशेतच्या ज्या मुलीशी माझं जुळलं होतं, ती तयार होती. तिचे वडील मात्र अडून बसले होते. "मास्तर, आधी कायम व्हा. मग बघू." मी त्यांना हक्काने मामा म्हणायचो, ते मला चुकूनही जावई म्हणत नसत.

२०१६ च्या दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेत किल्ल्यांचं प्रदर्शन ठरलं. दरवर्षी तोच डोंगर, तीच गुहा, तेच पुठ्ठ्याचे बुरूज. मला त्याचा भारी कंटाळा, आणि कंटाळा आला की माझ्या अंगात येतं. बाहेरून एम.ए. करत होतो, त्यात रोमन लोकांचे सरहद्दीवरचे किल्ले वाचले होते. आमच्या दारावरूनही महामार्ग सरळ गुजरातेत जातो. म्हटलं, यंदा रस्त्यावर पहारा ठेवणारा रोमन किल्लाच करू.

आणि झाली पंचाईत. हा किल्ला सपाटीवर, पत्त्याच्या पानासारखा लांबट, कोपरे गोल. मुलांनी चिखल थापला, वर नाचणी पेरून भिंती हिरव्यागार केल्या, तरी मुख्याध्यापक म्हणाले, "हा पोल्ट्री फार्म कुणाचा?" रोमन शिपाई डहाणूच्या बाजारात कुठून मिळणार? मावळेच उभे केले. तेही बरंच झालं म्हणा. तिथले पहारेकरी रोमन नव्हतेच, जिंकलेल्या मुलखांतून भरती केलेले मदतनीस सैनिक होते. तासिकावालेच म्हणा ना! किल्ल्याबाहेर वस्ती असायची असं सांगितल्यावर मुलांनी कारवीच्या काड्यांची, शेणाने सारवलेली कुडाची घरं केली. किल्ल्यापेक्षा वस्तीच देखणी झाली. मला जरा रागच आला.

प्रदर्शनाला मामा आले. त्यांची धाकटी आमच्याच आठवीत होती. सगळे किल्ले पाहून ते शेवटी माझ्या किल्ल्यापाशी उकिडवे बसले.

"हे शिपाई कायम का?"

या माणसाला दुसरा प्रश्नच येत नाही! मी वैतागून खरं ते सांगितलं. "नाही मामा. पंचवीस वर्षं चाकरी केली की मग त्या राज्याचे पक्के नागरिक. तोवर लग्नाचीसुद्धा परवानगी नाही."

"पंचवीस वर्षं? मग ही घरं कुणाची?"

"त्यांच्याच बायकापोरांची. कायद्यात लग्न नव्हतं, पण संसार होता."

आमच्या पाड्यांवर यात नवल काहीच नाही. मांडवाची ऐपत येईपर्यंत माणसं एकत्र राहतात, शेती करतात, पोरंबाळं होतात. लग्न मागाहून सवडीने लागतं, कधी पोरांच्या लग्नाबरोबर एकाच मांडवात. त्यांच्या संसाराला कुणी नावं ठेवत नाही. हे सगळं माहीत असून किल्ला करताना माझ्या डोक्यात ते एकदाही आलं नव्हतं.

"माझं लग्न लागलं ना," एका घराचं कलंडलेलं कुंपण सरळ करत मामा म्हणाले, "तेव्हा तुमची ती मांडवात माझ्याच मांडीवर होती. हळद माझ्यापेक्षा तिलाच जास्त लागली."

'तुमची ती' ऐकून माझे कान तापले. इतका आनंद झाला की रडू येईल असं वाटलं, म्हणून मी उगाच एका मावळ्याचा भाला नीट करत बसलो.

पहिलं बक्षीस अर्थातच डोंगराला गेलं. मामा धाकटीला घेऊन फाटकापर्यंत गेले आणि तिथूनच, सगळ्या शाळेला ऐकू जाईल असे ओरडले:

"जावई, भात घरात आलं की मांडव घालू! कायम काय, सावकाश व्हा!"

सावकाशच चाललंय.