दुसऱ्या पाळीची माणसं

सगळे तिला मापवाल्या काकू म्हणत. हद्दीजवळच्या त्या गावात बावीस वर्षं तिचं शिवणाचं दुकान होतं, आणि गावातल्या बहुतेक सगळ्यांची छाती-कंबर तिच्या वहीत उतरवलेली होती. माणूस पाठमोरा दिसला तरी ती खांद्यावरून ओळखायची.

पलीकडे जाणारा रस्ता बंद झाला आणि गाव बसलं. आधी मालट्रक गेले, मग खानावळी, मग तरुण पोरं. काकूंची मुलगीही गेली. तीन दिवसांच्या प्रवासावरच्या कुठल्याशा शहरात ती नोकरी करत होती. सुरुवातीला दर रविवारी फोन यायचा, पुढे आठवण झाली तर.

अशात विकास कचेरीचा साहेब दुकानात आला. परदेशातली एक कंपनी कारखाना काढणार होती, कामगारांसाठी जाड हातमोजे शिवायचा. अट एकच, पस्तिशीच्या आतले दोनशे कामगार गावातच मिळाले पाहिजेत.

"दोनशे कुठून आणणार, साहेब?" काकू म्हणाल्या. "गावात पोरं उरलीत का?"

"तुमच्या वहीत आहेत ना."

"वहीत आहेत. गावात नाहीत."

"कारखाना दिसला की येतील परत. आधी नावं तर पाठवू." आणि जाता जाता तो म्हणाला, "दोनशे गणवेशांचं कामही तुम्हालाच."

काकूंनी वही दिली. मुलीचं नाव त्यात होतं, हे तिला माहीत होतं. कदाचित म्हणूनच दिली. मुलीचा गणवेश तिने सगळ्यात शेवटी शिवला आणि कॉलर दोनदा उसवून पुन्हा बसवली.

पहिल्या दिवशी सेहेचाळीस जण आले. काकू त्यांच्यावर देखरेखीला. बाकीच्या खुर्च्यांवर साहेबाने गणवेश चढवायला लावले, पाठीवर खांदे नीट बसवून, वर नावाची पट्टी. कुणी विचारलं तर दुसऱ्या पाळीची माणसं, असं सांगायचं ठरलं. सगळ्यांनी अळीमिळी गुपचिळी केली. हाताला काम मिळालं होतं, कोण कशाला बोलतंय?

पण त्या दालनात बसणं सोपं नव्हतं. एक बटण दाबलं की दोनशेही यंत्रांवरचे छोटे दिवे एकदम लागत. सेहेचाळीस जण दाराजवळच्या दोन रांगांत खाली मान घालून शिवत, आणि त्यांच्या पाठीमागे दीडशेवर गणवेश दिव्याखाली बसलेले असत. पंखा फिरला की बाह्या जराशा फुगत. एरवी गप्पांत रंगणाऱ्या बायकाही तिथे हळू आवाजात बोलायच्या. "मागे कुणी ऐकत असल्यासारखं वाटतं गं," एकजण म्हणाली आणि स्वतःच हसली. दुसरं कोणी हसलं नाही.

महिनाभराने, जेवणाच्या सुट्टीत दालन रिकामं असताना, मागच्या रांगेतून यंत्राचा आवाज आला. थांबून थांबून, नवशिक्याने पाय द्यावा तसा. काकू रांगा ओलांडत मागे गेल्या. सहाव्या रांगेत एक गणवेश सरळ बसलेला होता आणि त्याच्या बाह्यांतून दोन हात बाहेर आलेले होते.

ते गावातले जुने हमालदादा होते. मुलाच्या खुर्चीत बसून त्यांनी त्याचा गणवेश अंगावर घेतला होता. मुलाचा चार वर्षांत फोन नव्हता.

"दादा, इथे कसे?"

"मागचं दार उघडं होतं." ते उठले नाहीत. "घरात त्याच्या मापाचं काही उरलं नाही, पोरी. इथे निदान खांदे तरी आहेत."

काकूंना त्यांना उठवता आलं नाही. ही गोष्ट बाहेर कशी फुटली कोण जाणे, पण पुढच्या आठवड्यात दुपारच्या सुट्टीत म्हातारी माणसं यायला लागली. आपापल्या खुर्चीशेजारी बसायची. कुणी बाही सरळ करायचं, कुणी काही पुटपुटायचं. घंटा झाली की मुकाट उठून जायची.

काकू मात्र मुलीच्या खुर्चीजवळ कधी गेल्या नाहीत. एकदा धूळ झटकायला म्हणून गेल्या, तर कॉलरीच्या आतल्या बाजूला मळाची रेघ होती. नुसत्या टांगलेल्या कपड्यावर धूळ बसते. असा मळ मानेचाच लागतो, हे शिंपिणीला कुणी सांगायला नको. तिने सगळ्यांना विचारलं. त्या खुर्चीला कुणी हात लावला नव्हता.

तिसऱ्या महिन्यात कंपनीची बाई आली. साठीची, बारीक, सोबत दुभाषी. दुसरा कारखाना बांधायचा की नाही, हे तिच्या शब्दावर होतं. त्या दिवशी म्हाताऱ्यांनी फिरकायचं नाही, असं साहेबाने बजावलं होतं. सुट्टी झाली आणि ते सगळे नेहमीसारखे मागच्या दाराने आत आले.

बाईने विचारलं, हे कोण?

"दुसऱ्या पाळीचे," साहेब म्हणाला.

बाईने हमालदादांच्या हातांकडे पाहिलं, मग काकूंकडे.

"नाही बाई," काकू म्हणाल्या. आवाज नेहमीचाच निघाला, याचं तिलाच नवल वाटलं. "ही गेलेल्या पोरांची आईबापं. हे गणवेश ज्यांच्या नावाचे, त्यांनी ते अजून घातलेलेच नाहीत. नावं मी दिली."

दुभाषी साहेबाकडे पाहत घुटमळला. मग त्याने सगळं सांगितलं. बाई सगळ्या रांगांतून एकटी चालत गेली, पट्ट्या वाचत. परत आली तेव्हा तिने एवढंच विचारलं, "इथे जे राहिलेत, त्यांना शिवता येतं का?"

दुसरा कारखाना झाला नाही. हातातोंडाशी आलेला घास काकूंनी घालवला म्हणून निम्मं गाव तिच्याशी बोलेना, आणि साहेबाची बदली झाली. पण सेहेचाळीस जणांचं काम टिकलं, वयाची अट निघाली, आणि पन्नाशी-साठीच्या एकोणीस जणांना कापड कापायच्या टेबलावर घेतलं. हमालदादा गठ्ठे बांधायला लागले.

जास्तीची यंत्रं कंपनीने परत मागवली. खुर्च्या रिकाम्या करायच्या त्या दुपारी घराघरातून माणसं आली आणि आपापला गणवेश घेऊन गेली. कुणी घडी घातली नाही. झोपलेलं मूल न्यावं तसे दोन्ही हातांवर आडवे धरून ती सगळी मुख्य रस्त्याने चालत होती, आणि रस्त्यावर पावलांखेरीज आवाज नव्हता.

अकरा गणवेश न्यायला कुणीच आलं नाही. मुलीच्या गणवेशाबरोबर काकूंनी ते अकराही घरी आणले आणि पुढच्या खोलीत भिंतीला ओळीने लावले.

"ही कुणाची?" नवऱ्याने विचारलं.

"ज्यांची घरं बंद झाली त्यांची."

मग त्याने खिडकी लावून घेतली, बाह्या हलू नयेत म्हणून.