शेवट सांगणारा कंडक्टर

“शेवट सांगू का?” असं म्हणून तो हातातला पंच दोनदा कटकट वाजवायचा. तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा तो. एसटीत कंडक्टर होता, रिटायर झाला, मशीनची तिकिटं आली, तरी पंच काही हातातून सुटला नाही. असा माणूस शेजारी असला की डोकं कसं उठतं, ते ज्याच्या शेजारी आहे त्यालाच विचारा.

गल्लीतल्या वाचनालयातली निम्मी पुस्तकं त्यानं वाचली होती. वाचून झालं की शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात भोक. वाचनालयवाले ओरडले तर म्हणायचा, “प्रवास पुरा झाल्याची खूण हाय ती.” मग जो कोणी ते पुस्तक नेईल त्याच्या दारात हा उभा. खून कुणी केला, लगीन कुणाशी झालं, सगळं सांगून मोकळा. बायाबापड्या त्याला लांबून बघूनच पुस्तक पिशवीत घालायच्या.

मी चौथी नापास. चादरीच्या कारखान्यात मागावर जन्म गेला. वाचायचा नाद आमच्या कारभारणीला. आजारपणात तिला जाड पुस्तक धरवेना, म्हणून मी एकेक अक्षर लावत वाचून दाखवायचो. शेवटची कादंबरी होती जुन्या काळच्या गलबताची. तांडेल, म्हणजे गलबताचा म्होरक्या, ते घेऊन समुद्रात गेलेला, आणि त्याच्यावर जीव जडलेली बाई किनाऱ्यावर वाट बघत उभी.

आम्हाला समुद्राचं काय कळतंय? आम्ही बघितलं ते हिप्परग्याचं तळं, तेही उन्हाळ्यात. ही मधेच म्हणायची, “शंभर पानं झाली, ही बाई हितंच उभी हाय. हिला घरी कामं न्हाईत का?” मी हसलो की लगेच, “वाचा की पुढं. थांबलं का?”

त्या वाचनालयाची एक रीत आहे. मागच्या कोऱ्या पानावर वाचणाऱ्यानं आपला अभिप्राय पेन्सिलीनं लिहायचा. हिनं मला तंबी दिली होती, “मागचं पान बघायचं न्हाय. समदं कळतं त्यात.” कंडक्टरला तर मी उंबऱ्यावरच अडवायचो. “तोंड उघडशील तर याद राख.” मग तो खिडकीतून पंच वाजवायचा. “वैनी, कितव्या पानावर आलाव?”

पुढं डॉक्टरांनी हात टेकले. पुस्तक अजून अर्धं बाकी, आणि माझा वेग दिवसाला चार पानं. एका दुपारी ही म्हणाली, “गलबत माघारी येतंय का न्हाय, तेवढं कळायला पायजे होतं.”

मी कंडक्टरच्या दारात गेलो. जन्मात पहिल्यांदा म्हणालो, “चल, शेवट सांग.”

तो आला. पंच खिशात घातला, खुर्ची ओढून बसला. “येतंय की वैनी. शीड फाटलंय, पर येतंय. तांडेल खाली उतरतो आणि पहिलं काय म्हणतो? भूक लागलीया म्हणतो.”

“बाप्याची जात!” म्हणून ही लई हसली.

सहाव्या दिवशी गेली.

दिवसकार्य झालं. पुस्तक परत द्यायचं होतं, पण अर्धवट कसं देणार? महिनाभर बसून पुरं केलं. गलबत बुडालं. तांडेल बुडाला. ती बाई किनाऱ्यावरच म्हातारी झाली. आणि त्या पानाच्या कोपऱ्यात भोक! म्हणजे यानं वाचलं होतं.

तसाच पुस्तक घेऊन कंडक्टरकडं गेलो. “का रे, जाणाऱ्या माणसाशी खोटं बोललास?”

“मग काय सांगू मालक? बुडाला म्हणून सांगू?”

“जन्मभर नको तितं खरं बोललास, आणि हितं खोटं?” मी ते भोक पाडलेलं पान त्याच्यापुढं धरलं.

त्यानं पुस्तक माझ्या हातातून ओढलं. “मला एकट्याला कशाला बोलताव? हितं कुणालाच त्यो शेवट नको होता, बघा की.” असं म्हणून, हिच्या तंबीमुळं मी कधीच न बघितलेलं मागचं पान उघडलं. कुणी लिहिलं होतं, दोन दिवस जेवण गेलं नाही. कुणी लिहिलं होतं, लेखकालाच बुडवा. आणि सगळ्यात खाली, वाकड्यातिकड्या अक्षरात आमच्या हिची ओळ: “कंडक्टर भावजींनी सांगितलेला शेवट जास्त चांगला आहे.”

मी औषधाला गेलो असताना पुस्तक गादीवर टेकवून हिनं मागचं पान बघितलं असणार. मला तंबी देऊन स्वतः! आणि बोलली नाही. आम्ही दोघं म्हातारे ती एक ओळ कितीतरी वेळ वाचत उभे होतो.

गेल्या साली कंडक्टरही गेला. मी महिन्यातून एकदा वाचनालयात जाऊन तिचं अक्षर बघून येतो. परवा बघतो तर तिच्या ओळीखाली कुणीतरी लिहिलेलं: “तो शेवट कोणता? कृपया सांगावे.”

घ्या! न विचारता सांगत जन्मभर फिरला. आता कुणी नीट विचारतंय, तर हा पठ्ठ्या जागेवर नाही.

पेन्सिल मागून घेतली. चौथी नापासाचं अक्षर, वेळ लागला. लिहिलं: “येतंय. शीड फाटलंय, पर येतंय.”